आभासी चलनाच्या चावडीवर जुगाराची दवंडी

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये बिटकॉइनविषयीच्या प्रमुख चर्चापीठावर ‘पायरेट-अ‍ॅट-फोर्टी’ असे टोपणनाव घेतलेल्या एका सभासदाचे निवेदन झळकले. त्याला कर्जाऊ बिटकॉइन हवे होते आणि त्यांवर आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत व्याज देण्याची त्याची तयारी होती. चक्रवाढीने हिशेब मांडला, तर या दराने १०० चे वर्षअखेर सुमारे ३,३७० होतात. जगातला कोणताही प्रामाणिक धंदा असे व्याज देऊ शकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही पुढचे आठ-नऊ महिने बिटकॉइनचा ओघ त्याच्याकडे वाहत राहिला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट’ हा त्याचा कारभार बंद पडला, तेव्हा त्याने किमान ७ लाख बिटकॉइन गोळा केले होते, असे अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने पुढे न्यायालयात सांगितले.

टोपणनावामागचा माणूस होता टेक्सासमधील मॅकिनी येथील ट्रेंडन शेव्हर्स. व्यवहार सरळसरळ पॉन्झी पद्धतीचा होता. नव्या ठेवीदारांच्या नाण्यांतून जुन्यांचे व्याज भागवले जात होते. न्यायालयात त्याने केलेला बचाव मात्र गमतीदार होता. बिटकॉइन हा पैसाच नव्हे, मग पैशाची गुंतवणूक झालीच कशी, असा त्याचा सवाल होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो फेटाळला. २०१४ मध्ये त्याच्यावर ४ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दिवाणी आदेश निघाला आणि २०१६ मध्ये फौजदारी खटल्यात दीड वर्षाचा कारावास झाला.

हे प्रकरण आता जुने झाले. पण त्याने उभा केलेला प्रश्न आभासी चलनाच्या प्रत्येक चावडीवर आजही तसाच आहे. जुगाराच्या आणि उघड संशयास्पद योजनांच्या जाहिरातीला अशा समुदायांनी आपल्या अंगणात जागा द्यावी काय?

जागा द्यावी, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर वाटतो तितका पोकळ नाही. त्या चर्चापीठाचे धोरण असे की, एखादी योजना फसवी असल्याचा संशय आला तरी केवळ तेवढ्यावरून संचालकांनी ती काढून टाकायची नाही. संचालक म्हणजे न्यायाधीश नव्हेत, हे त्याचे एक समर्थन. दुसरे समर्थन अधिक विचारात घेण्यासारखे आहे. संशयास्पद मजकूर गाळायला सुरुवात केली की, जे शिल्लक राहिले ते तपासून घेतलेलेच असणार, अशी वाचकाची समजूत होते. ठक त्याच समजुतीच्या आडोशाला बसतो. त्यापेक्षा सारे उघड्यावर राहू द्यावे, शेजारी इशारेही राहू द्यावेत आणि ज्याने त्याने आपल्या बुद्धीने ठरवावे, अशी ही भूमिका आहे. सरकार आणि बँका या दोघांनाही वळसा घालण्यासाठी जन्मलेल्या चलनाच्या पाठीराख्यांनी असे म्हणणे स्वाभाविकच होते.

पायरेटच्या बाबतीत हे सारे अक्षरशः घडले. इशारे होते, आणि ते भरपूर होते. ही पॉन्झी योजना आहे, असे कित्येकांनी त्याच पानांवर आकडेमोडीसह लिहिले. तो बुडणार की नाही, यावर पैजाही लागल्या. मग इशारे निष्प्रभ का ठरले? एक कारण म्हणजे व्याज खरोखरच मिळत होते. ज्याच्या हाती दर आठवड्याला नाणी पडतात, त्याला गणित पटवून देणे कठीण असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. समुदायातील अनेक जुने, पत असलेले सभासद इतरांकडून छोट्या रकमा गोळा करून त्या पायरेटकडे पोहोचवीत होते आणि मधला काही हिस्सा स्वतःकडे ठेवीत होते. नवख्या माणसाला अनोळखी पायरेटवर विश्वास ठेवावा लागतच नव्हता; तो ओळखीच्या, वर्षभर सल्ला देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवीत होता. शंका काढणाऱ्यावर तुटून पडणाऱ्यांत या मध्यस्थांचाही आवाज होता, आणि त्या आवाजामागचा स्वार्थ दर वेळी दिसत नव्हता. सर्वांनी मोकळेपणाने बोलावे हे तत्त्व ठीक आहे. पण बोलणाऱ्यांपैकी काहींना बोलण्याचे पैसे मिळत असतील, तर ती चर्चा राहत नाही.

बिटकॉइनच्या जगात याची किंमत अधिक मोजावी लागते, कारण येथे झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही. पत्रपत्राच्या अर्थात क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मिळण्याची थोडीतरी आशा असते. येथे बँकच नाही. एकमेकांनी दिलेला निर्वाळा हीच काय ती तटबंदी, आणि जाहिरातदार विकत घेतो तो नेमका तोच निर्वाळा.

जुगाराची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिला फसवणुकीच्या पंक्तीत सरसकट बसवणे अन्यायाचे ठरेल. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सातोशीडाइस’ या फाशांच्या खेळाने काही महिन्यांतच बिटकॉइनच्या जाळ्यावरील एकूण व्यवहारांपैकी निम्म्याच्या आसपास वाटा व्यापला होता. त्याची पद्धत चतुर होती. संस्था आपल्या गुप्त संख्येचा ‘हॅश’, म्हणजे गणिती ठसा, आधीच जाहीर करी. ठशावरून मूळ संख्या काढता येत नाही. परंतु ती नंतर उघड केली की, ठसा तिचाच आहे याची कोणीही पडताळणी करू शकतो. त्यामुळे डाव लागल्यानंतर संस्थेला फासा बदलता येत नसे. खेळणाऱ्याच्या व्यवहारातील आकडे आणि ही संख्या यांतून निकाल निघे. मुंबईच्या मटक्याच्या काळात आकडा लावणाऱ्याला अशी सोय कधीच नव्हती.

मात्र या पडताळणीतून सिद्ध होते ते एवढेच की, फासा बदललेला नाही. खेळ संस्थेच्याच बाजूने झुकलेला असतो, हे त्याने बदलत नाही. सातोशीडाइसने स्वतःसाठी १.९ टक्क्यांची आघाडी राखली होती; म्हणजे १०० रुपयांचा डाव १०० वेळा लावणाऱ्याने सरासरी १९० रुपये गमवायचे. आणि जिंकलेली रक्कम संस्था वेळेवर चुकती करील की गाशा गुंडाळील, याविषयी तो गणिती ठसा मौन पाळतो. ‘सिद्ध होण्याजोगा प्रामाणिक’ हे बिरुद जाहिरातीत मिरवले जाते, तेव्हा हा फरक क्वचितच सांगितला जातो. शिवाय जुगाराची जाहिरात केव्हा गुंतवणुकीची होईल, याचाही नेम नसतो. सातोशीडाइसचे समभागही महाजालावरून विकले गेले. नोंदणीविना केलेल्या या विक्रीबद्दल संस्थेच्या सहसंस्थापकावर रोखे आयोगाने २०१४ मध्ये कारवाई केली. आरोप मान्य वा अमान्य न करता त्याने ५० हजार डॉलरहून अधिक रक्कम भरून तडजोड केली.

पुढे जाहिरातीचे नवेच तंत्र रूढ झाले. सभासदाच्या प्रत्येक लेखनाखाली त्याची ‘स्वाक्षरी’ उमटते. ती जागा जुगारगृहांनी आणि तत्सम संस्थांनी भाड्याने घेतली. मोबदला बहुधा लेखनाच्या संख्येवर ठरत असल्याने, सांगण्यासारखे काही नसतानाही लिहिणाऱ्यांची गर्दी झाली. तिला आवर घालण्यासाठी २०१८ मध्ये गुणांकनाची पद्धत आणावी लागली. नाण्यांचा माग पुसणाऱ्या ‘मिक्सर’ सेवांची तेथील जाहिरात तर २०२४ च्या आरंभापासून बंदच करण्यात आली. त्याआधीच्या वर्षात अशा दोन मोठ्या सेवा सरकारी यंत्रणांनी जप्त केल्या होत्या. संचालक न्यायाधीश नसतात, या तत्त्वालाही मर्यादा असते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख ‘गेनबिटकॉइन’ने करून दिली. १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्येच, असे तिचे आश्वासन होते आणि ते ‘मायनिंग’च्या, म्हणजे संगणकीय आकडेमोडीतून नवी नाणी मिळवण्याच्या, नावावर दिले जात होते. या आश्वासनातच तिचा खोटेपणा होता. बिटकॉइनच्या रचनेत दर २,०१६ ठोकळ्यांमागे आकडेमोडीची काठिण्यपातळी नव्याने ठरते. स्पर्धक वाढले की, त्याच यंत्राला मिळणारी नाणी कमी होतात. २०१६ च्या जुलैमध्ये तर प्रत्येक ठोकळ्यामागचे नव्या नाण्यांचे बक्षीसच निम्म्यावर आले. अशा धंद्यात १८ महिन्यांचा स्थिर परतावा कोणीही हमीने देऊ शकत नाही. पुढे गुंतवणूकदारांच्या हाती बिटकॉइनऐवजी योजनेचेच ‘एमकॅप’ नावाचे नाणे पडू लागले. प्रवर्तक अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ च्या जानेवारीत त्याचे निधन झाले. देशभरचे गुन्हे नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. येथे चर्चापीठाची जागा सभागृहांतील मेळाव्यांनी आणि साखळीतील दलालांनी घेतली होती, एवढाच फरक. ठेवीदाराला योजना सांगणारा माणूस त्याच्या ओळखीचाच असे आणि त्याला ठेवीमागे दलाली मिळत असे.

भारतात २०२२ च्या एप्रिलपासून आभासी मालमत्तेच्या जाहिरातींवर धोक्याची सूचना देणे जाहिरात मानक परिषदेने आवश्यक केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांबरोबर त्यांच्या जाहिरातीलाही मनाई करणारा कायदा संमत केला. तीत दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय सभासदाने विदेशी जुगारगृहाची ‘स्वाक्षरी’ भाड्याने मिरवणे आता नुसता नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. परंतु धोक्याची सूचना लागते ती जाहीर झालेल्या जाहिरातीला. मित्रमंडळींच्या गटात ‘मला तर मिळाले बुवा’ असे कोणी लिहिले, तर ती जाहिरात आहे हेच कोणाला कळत नाही. अमेरिकेत अभिनेत्री किम कार्दाशियन हिने ‘इथेरियममॅक्स’ नाण्याची भलामण करण्यासाठी घेतलेले अडीच लाख डॉलर दडवून ठेवले आणि २०२२ मध्ये तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. तिच्यावर आक्षेप होता तो मोबदला न सांगितल्याचा.

समुदायांनी रेघ ओढायची ती बहुधा येथेच. एखाद्या योजनेविषयी बोलण्यास मज्जाव करण्याचे कारण नाही, तिच्यावरील आरोप तर मुळीच पुसू नयेत. मात्र तिच्याकडून पैसे घेऊन बोलणाऱ्याने ते प्रत्येक वेळी सांगावे आणि निश्चित परताव्याची हमी देणाऱ्या योजनेची सशुल्क जाहिरात समुदायाने स्वीकारू नये. जुगाराला जेथे कायद्याची मुभा आहे तेथे त्याने जुगार म्हणूनच यावे, संस्थेची आघाडी किती हे सांगत यावे. मजकूर सरसकट खोडून टाकण्याने मात्र नुकसानच होईल. शेव्हर्सविरुद्ध रोखे आयोगाने जी तक्रार दाखल केली, तिच्यात त्याने चर्चापीठावर केलेली निवेदनेच पुरावा म्हणून नमूद केलेली आहेत.