उलटं धरलं तरी चालणारं इंजिन

जंगलात झाड पाडणाऱ्याच्या हातातली चेनसॉ क्वचितच सरळ असते. बुंधा कापताना ती कुशीवर असते, फांद्या उतरवताना तिरकी होते, कधी तिचं नाक जमिनीकडे असतं तर कधी आभाळाकडे. इंजिन मात्र प्रत्येक वेळी पुऱ्या जोरात चालायला हवं, कारण अर्धवट कापलेल्या झाडाखाली उभं राहून स्टार्टरची दोरी ओढत बसणं कोणालाच परवडत नाही. रेडिओवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानाची मागणी नेमकी हीच असते. कोलांटी घ्या, पाठीवर उडा, नाक वर करून सरळ उभं चढा. आपण कोणत्या अंगावर आहोत हे इंजिनाने विचारता कामा नये. चेनसॉचं इंजिन काढून विमानाला लावण्याचा उद्योग या एका गुणावर उभा राहिला. लोक त्याच्या ताकदीचं आणि स्वस्ताईचं कौतुक करतात. माझ्या मते खरा मानकरी आहे तो मुठीत मावणारा कार्ब्युरेटर.

जुनी बजाज स्कूटर सुरू करण्याआधी ती एका अंगावर कलंडवून मग किक मारणारे काका ज्यांनी पाहिलेत, त्यांना पुढचा मुद्दा चटकन कळेल. तिच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि त्यात तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि पेट्रोल थांबवतो. हा सगळा कारभार गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालतो, त्यामुळे वाटी उलटी झाली की संपलं. सुरुवातीच्या चेनसॉंची हीच अडचण होती. पातं आडवं करायचं तर इंजिन उभंच राहावं म्हणून मध्ये फिरता सांधा द्यावा लागे. 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून पडद्याचा कार्ब्युरेटर करवतींवर रुळला आणि फ्लोट हद्दपार झाला.

या कार्ब्युरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना क्रँककेसमधली हवा दाबली-ताणली जाते. ते ठोके एका बारीक छिद्रातून पहिल्या पडद्यापर्यंत पोचतात, पडदा थरथरतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. म्हणजे पंप आयताच मिळाला. दुसरा पडदा इंजिनाची ओढ लागली की आत खेचला जातो, एक चिमुकली तरफ दाबतो, सुई उचलली जाते आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत येतं. वर-खाली ही भानगडच उरत नाही. टाकीतही तीच युक्ती असते. लवचिक नळीच्या टोकाला वजन लावलेलं असतं, आणि पेट्रोल ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूला ते टोकही जातं. करवतीची टाकी आणि मॉडेल विमानाची टाकी शेजारी ठेवून पाहिल्या तर दोन वेगळ्या धंद्यांनी एकच उत्तर काढल्याचं दिसतं.

करवत आणि वैमानिकाविना उडणारं विमान यांची गाठ एका कारखान्यात तर फार आधीच पडली होती. अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅक्युलॉक यांची कंपनी एकीकडे चेनसॉ बनवत होती आणि दुसरीकडे तोफखान्याच्या सरावासाठी उडवल्या जाणाऱ्या रेडिओ-लक्ष्यविमानांना 72 अश्वशक्तीची, चार सिलिंडरची टू-स्ट्रोक इंजिनं पुरवत होती. (1968 मध्ये लंडन ब्रिज विकत घेऊन दगडादगडाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊन बसवणारे मॅक्युलॉक ते हेच. करवतींत पैसा होता तर.) पण ती इंजिनं लष्करासाठी होती. हौशी माणसाच्या वाट्याला आलेली गोष्ट बरीच नंतरची.

तोवर हौशी विमानांवर राज्य होतं ते ग्लो इंजिनांचं. त्यांचं इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि एरंडेल. पेट्रोलच्या एका भागाला जाळायला 14.7 भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त खपतं. 10 सीसीच्या इंजिनाला हे चालून जातं, 50 सीसीला खिसा रिकामा होतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. विषारी दारूच्या बातम्यांत ज्याचं नाव येतं ते मिथेनॉल हेच, त्यामुळे त्याच्या विक्रीवर सरकारची नजर असते. पेट्रोल मात्र कोणत्याही पंपावर मिळतं आणि त्यात टू-टी ऑइल मिसळलं की काम झालं.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका-कॅनडात क्वाड्रा नावाचं 35 सीसीचं पेट्रोल इंजिन मॉडेलवाल्यांच्या हाती लागलं आणि विमानं एकदम वाढली. 1980 मध्ये अशा मोठ्या विमानांची स्वतंत्र संघटना निघाली. एकपंखी विमानाचा पंख 80 इंच, म्हणजे दोन मीटर, आणि दुपंखी विमानाचा 60 इंच, ही तिची किमान मापं. मग होमलाइट, मॅक्युलॉक, हुस्कवर्ना, सॅक्स-डोल्मार, जपानची झेनोआ अशा करवतींच्या आणि गवत कापणी यंत्रांच्या इंजिनांवर गॅरेजा-गॅरेजांत हात चालू लागले. यातल्या डोल्मारचं नाव थुरिंगियातल्या एका डोंगरावरून आलंय. 1927 मध्ये एमिल लेर्पने आपली पेट्रोल करवत त्या डोंगरावर चालवून दाखवली होती.

आता 50 सीसीची एखादी जुनी करवत टेबलावर घेऊ. पातं, साखळी, दांडे, ब्रेक, साखळीला तेल पाजणारा पंप, दोरीचा स्टार्टर आणि प्लास्टिकचं कवच हे सगळं उतरवलं की पाचेक किलोचं धूड दोन किलोच्या घरात येतं. मग येतो क्लच. तो सोडवायचा तर क्रँक अडवायला हवा आणि त्यासाठी लागते साधी सुती दोरी. प्लग काढायचा, पिस्टनने एक्झॉस्टचं दार बंद केलं की प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची आणि क्रँक फिरवायचा. पिस्टन दोरीवर टेकतो आणि अडतो. दार उघडं असताना दोरी सारली तर ती तिथेच अडकून चिरली जाते. नंतर क्लचला पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जोर द्यायचा, कारण तिथले आटे उलटे असतात. नवखा माणूस सवयीने दुसरीकडे फिरवतो आणि क्लच आणखी आवळून ठेवतो.

आटे उलटे का, याचं उत्तर पुढच्या निर्णयात दडलंय. करवतीची साखळी पात्याच्या वरच्या कडेने पुढे पळते, म्हणून क्लचच्या बाजूने पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्या बाजूचे आटे उलटे ठेवले तर क्लच चालता-चालता स्वतःच घट्ट होतो. फ्लायव्हीलच्या बाजूने पाहिलं तर तोच क्रँक घड्याळाविरुद्ध फिरताना दिसतो, आणि विमानाचा नेहमीचा पंखा समोरून पाहिल्यावर घड्याळाविरुद्धच फिरतो. तेव्हा पंखा फ्लायव्हीलच्या टोकाला लावला तर बाजारातला कोणताही चालतो. क्लचच्या टोकाला लावला तर उलट्या घडणीचा पंखा शोधा, नाहीतर इंजिनालाच उलटं फिरायला शिकवा. टू-स्ट्रोक इंजिन तेही करतं. त्याच्या सिलिंडरची दारं पिस्टनच उघडतो-मिटतो, त्यामुळे ठिणगीची वेळ बदलली की ते मुकाट्याने दुसरीकडे फिरू लागतं.

पंखा बसवायचा हब हे खरं टर्नरचं काम. क्रँकचं टोक निमुळतं असतं आणि हबचं भोकही तितकंच निमुळतं हवं. निळा रंग लावून हब बसवायचा, काढायचा, रंग कुठे पुसला गेला ते बघायचं आणि रंग सगळीकडे सारखा लागेपर्यंत घासत राहायचं. क्रँक आणि हब यांच्यामध्ये बसणारी अर्धचंद्राच्या आकाराची इवलीशी चावी भार पेलते असा अनेकांचा समज असतो. तिचं काम फक्त जागा ठरवण्याचं असतं. सगळा जोर पेलते ती दोन निमुळत्या पृष्ठभागांची घट्ट मिठी. हब केसभर वाकडा बसला तरी पंख्याच्या टोकाला तो फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो आणि मग विमानाचे स्क्रू एकेक करून गळायला लागतात.

फ्लायव्हीलवर मतभेद आहेत. त्याच्या पात्या करवतीच्या इंजिनाला वारा घालतात. विमानात ते काम पुढचा पंखाच करतो, म्हणून लेथवर त्या उतरवून वजन कमी करतात आणि ठिणगीसाठी लागणारं चुंबक तेवढं ठेवतात. धाडसी लोक आख्खं फ्लायव्हील काढून बॅटरीवरचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. मला दुसरा पंथ पटतो, आणि त्यामागचं कारण वजन नाही. चुंबकाच्या इग्निशनमध्ये इंजिन बंद करायचं म्हणजे एक तार बॉडीला टेकवायची. ती तार तुटली तर इंजिन बंदच होत नाही, आणि बंद दिसणारं इंजिन नुसतं पंखा हलवल्याने फटकन सुरू होऊ शकतं. बॅटरीच्या इग्निशनमध्ये तार तुटली तर इंजिन थांबतं. 22 इंची पंख्याजवळ ज्याची बोटं आहेत, त्याने यातला फरक पुन्हा एकदा वाचावा. शिवाय हाताने पंखा फिरवताना चुंबकाची ठिणगी दुबळी असते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मंद गतीलाही कडक ठिणगी देतं आणि तिची वेळही आपोआप मागे-पुढे करतं.

इथवर करवत आणि विमान यांचं जमतं. बिनसतं ते फेऱ्यांवरून. रिकामी करवत मिनिटाला तेरा हजार फेऱ्यांपर्यंत जाते आणि तिच्या सिलिंडरची दारं नऊ-दहा हजारांच्या हिशेबाने कापलेली असतात. 22 इंची पंखा सात हजारांवर फिरला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 205 मीटर होतो. तेरा हजारांवर तो 380 मीटर होईल, म्हणजे आवाजापेक्षा जास्त, आणि तिथे ओढ कमी न् किंकाळी जास्त. त्यामुळे विमानावर हे इंजिन आपल्या मनासारख्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. कागदावर साडेतीन अश्वशक्ती लिहिलेली करवत हवेत थोडी सुस्त वाटते ती याच कारणाने. दुसरा ताण क्रँकवर येतो. करवतीच्या क्रँकला साखळीची आडवी ओढ सवयीची असते. विमान हवेत गरगरा लोळवलं तर फिरता जड पंखा दिशा बदलायला विरोध करतो आणि सगळा पिळा क्रँकच्या मानेवर येतो. गवत कापणी यंत्रांच्या स्वस्त इंजिनांत क्रँकला एकाच बाजूने आधार असतो. त्यांच्यावर सौम्य विमानंच उडवावीत.

जुन्या काळी ठिणगीचंच भय मोठं होतं. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्र, आणि तेव्हाचे रिसीव्हर अमेरिकेत 72 मेगाहर्ट्झवर आणि युरोपात 35 वर कान लावून बसलेले. ठिणगीचा खरखराट आत शिरला की पंखाच्या झडपा आपोआप फडफडत. उपाय साधे पण कडक होते. रेझिस्टर असलेला प्लग वापरायचा, रिसीव्हर इंजिनापासून फूटभर लांब ठेवायचा आणि थ्रॉटलची काडी धातूची न घेता नायलॉनची घ्यायची. 2.4 गिगाहर्ट्झचे संच आल्यावर हे भय बरंचसं ओसरलं, तरी नायलॉनची काडी अजून कोणी सोडलेली नाही.

खास विमानासाठी घडवलेली पेट्रोल इंजिनं जर्मनीत 3डब्ल्यूने आणि अमेरिकेत डेझर्ट एअरक्राफ्टने आणली. क्रँककेस यंत्रावर कोरलेला, क्रँक मजबूत, दारं कमी फेऱ्यांना साजेशी. 50 सीसीचं वजन दीड किलोच्याही आत आलं. तरी अशा सुरुवातीच्या अनेक इंजिनांवर सिलिंडर आणि पिस्टन करवतीचेच होते आणि कार्ब्युरेटर तर आजही वॉल्ब्रो घराण्याचाच आहे. मग चिनी इंजिनं आली आणि घरी हब कातत बसण्याचा आर्थिक हिशेब संपला. याच इंजिनांची भावंडं येमेनच्या लढाईतल्या ड्रोनांवर सापडली आहेत. त्यामुळे छंदाच्या दुकानातली ही वस्तू आता कस्टमवाल्यांनाही ओळखीची झाली आहे. आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचा वेगळा वर्ग आहे. 25 किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा हौस एवढाच उपयोग आणि नजरेच्या टप्प्यातलं उड्डाण, अशा त्याच्या अटी. करवतीच्या इंजिनाचं विमान या चौकटीत आरामात बसतं.

आता हा उद्योग करणारे उरलेत ते हौसेपोटी, आणि त्यांना नवी करवत नकोच असते. धुराच्या नियमांमुळे नव्या इंजिनांत हवेची वेगळी वाट आणि दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर आला. महागड्या करवतींत तर मिश्रण संगणकच ठरवतो आणि त्याला वीज मिळते ती फ्लायव्हीलमधून. फ्लायव्हील उतरवलं की कार्ब्युरेटर आंधळा झालाच. म्हणून शोध असतो तो पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या, दोन स्क्रूंवर जुळवता येणाऱ्या करवतीचा. भंगारवाल्याकडे अशी दिसली तर दोरी ओढून दाब बघण्याआधी सायलेन्सर काढावा आणि एक्झॉस्टच्या दारातून बॅटरीचा उजेड टाकावा. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले तर भाव करत बसू नये.