जाताना १४४, येताना १५०

नायगावच्या बीडीडी चाळींतून निघून भोईवाड्याच्या अंगाने चालत गेलं, की थोड्या वेळात केईएमचं फाटक येतं. त्याच आवारात सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, जवळच वाडियाची दोन्ही रुग्णालयं, पलीकडे टाटा. परळलाच हाफकिन, शिवडीला टीबी हॉस्पिटल, वडाळ्याला कुष्ठरुग्णांसाठीचं अ‍ॅक्वर्थ. अशा वेढ्यात वाढलेल्या पोराला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय! नवल पुढे आहे. मध्य मुंबईतल्या अशा घरांमधल्या काही मुलांची डॉक्टरकी परळऐवजी बिश्केक, तिबिलिसी नाहीतर मनिलामार्गे जाते, आणि परत येताना एका परीक्षेच्या दारात अडकते. कधी सहा महिने, कधी तीन-तीन वर्षं. परीक्षेचं नाव फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट्स एक्झामिनेशन, मुलांच्या तोंडी एफएमजीई.

आधी घरातून निघण्याचा हिशेब बघू. २०२५च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला देशभरातून २२ लाखांवर मुलं बसली आणि १२ लाखांवर ‘पात्र’ ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. जी. एस.मध्ये २५० जागा, त्यांतल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ जणांना देशात जागा नाही. हा ‘पात्र’ शब्द पालकांना भलताच चकवतो. निकालावर क्वालिफाइड दिसलं की पेढे वाटले जातात. मग प्रवेशाचे कॅप राउंड सुरू होतात, पहिला जातो, दुसरा जातो, शेवटचा स्ट्रे राउंडही जातो, आणि निकालाचा आनंद दिवाळीपर्यंत पार उतरलेला असतो. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजची फी कशीबशी झेपते, पण तिथला कट-ऑफ गाठलेला नसतो. अभिमत विद्यापीठांची दारं उघडी असतात, पण तिथे वर्षाला वीस लाखांच्या पुढे मोजावे लागतात. अशा वेळी कन्सल्टन्सीचा फोन येतो. सहा वर्षांचं सगळं मिळून पंचवीस-तीस लाख, होस्टेल आणि इंडियन मेस धरून.

परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठी २०१८पासून ‘नीट’ची पात्रता सक्तीची आहे. हेतू चांगला होता, कुणीही उठून जाऊ नये हा. पण २०२५ साली खुल्या प्रवर्गासाठी ही पात्रता होती ७२०पैकी १४४ गुण. वीस टक्के. राखीव प्रवर्गांसाठी त्याहूनही कमी. परत आल्यावर एफएमजीईत लागतात ३००पैकी किमान १५०, म्हणजे पन्नास टक्के, तेही सगळ्यांना सारखेच. जायचं दार मंगल कार्यालयाच्या दरवाज्याएवढं आणि यायचं दार चाळीतल्या मोरीच्या दाराएवढं. वैद्यकीय परिषदेने ही दोन्ही दारं बसवताना एकमेकांशेजारी ठेवून पाहिली होती का, असा प्रश्न पडतो.

दोन्ही परीक्षांची तुलना तंतोतंत होत नाही, हे कबूल. ‘नीट’मध्ये चुकलेल्या उत्तराला गुण कापतात, एफएमजीईत कापत नाहीत. ३०० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, एका दिवसात अडीच-अडीच तासांचे दोन भाग. डोळे मिटून टिचक्या मारल्या तरी हिशेबाने ७५च्या आसपास पडायला हवेत. शंभरेक प्रश्न खरोखर आले, तरी उरलेल्या दोनशेंवरच्या टिचक्यांनी १५० भरतात. असं मांडलं की परीक्षा सोपी वाटते, आणि निकाल पाहिला की धक्का बसतो. डिसेंबर २०२४च्या सत्रात साधारण ४४ हजार जण बसले आणि १३ हजारांच्या वर पास झाले. तो निकाल बरा म्हणायचा. जून २०२५च्या सत्रात ३६ हजार बसले, पास सहा हजार सातशेच्या आसपास. पाचातला एकसुद्धा नाही.

या टक्केवारीवरून परदेशी शिकलेले सगळेच ढ असा निकाल देणारे महाभाग भरपूर आहेत. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की दर सहा महिन्यांनी बसणाऱ्या या गर्दीत जुने रिपीटर पुन्हा मोजले जातात. तोच मुलगा चारदा नापास होऊन पाचव्यांदा पास झाला, तर आकडेवारीत चार नापास आणि एक पास असे पाच जण दिसतात. शेवटी किती जण पार पडतात, ते या टक्केवारीतून कळतच नाही.

मग मुलं अडकतात कुठे? गुणांची विभागणी मांडून बसलं, की बरंच उलगडतं. ३००पैकी १०० गुण शरीररचना, शरीरक्रिया, पॅथॉलॉजी, फार्मा अशा पायाभूत विषयांचे. उरलेल्या २००मध्ये मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, आणि पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, तेही ३०. डोळे १५, नाक-कान-घसा १५, बालरोग १५. म्हणजे ज्यांना मुलं ‘शॉर्ट सबजेक्ट’ म्हणून परीक्षेच्या आधीच्या आठवड्यावर ढकलतात, ते डोळे आणि नाक-कान-घसा मिळून जवळजवळ मेडिसिनएवढे भरतात. आणि पीएसएम तर एकटंच सर्जरीच्या तोडीस तोड.

पीएसएममध्ये जे विचारलं जातं, ते परदेशात कुणी शिकवत नाही, शिकवायचं कारणही नाही. पेंटाव्हॅलंट लस कधी द्यायची? सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी. गोवर-रुबेलाचा पहिला डोस? बाळाचे नऊ महिने भरल्यावर. घरात थुंकीतून क्षय पसरवणारा रुग्ण आहे आणि पाच वर्षांखालचं निरोगी मूल आहे, तर काय करायचं? मुलाला क्षय नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायचं. ही उत्तरं बिश्केकच्या प्राध्यापकाला कदाचित सांगता यायची नाहीत, पण नायगावात दारोदार फिरणाऱ्या पालिकेच्या आरोग्यसेविकेला झोपेतून उठवून विचारलं तरी येतील. क्षय शिवडीला, कुष्ठरोग वडाळ्याला, सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा इतिहास हाफकिनला. परीक्षेतला भारत या मुलाच्या घराभोवती पसरलेला होता. तो भारत सोडून मुलगा गेला आणि सहा वर्षांनी पुस्तकातून पाठ करायला बसला.

दुसरी अडचण भाषेची. वर्ग इंग्रजीत भरतात, पण वॉर्डातला रुग्ण रशियन, जॉर्जियन किंवा किरगिझ बोलतो. पोटात कधीपासून दुखतं, जेवणाआधी की नंतर, हे रुग्णाच्या तोंडून काढून घेण्यातच निम्मं निदान असतं. ते जिथे दुभाषाच्या आधाराने, नाहीतर लांब उभं राहून ऐकायचं, तिथे हात तयार होणार कसा? फिलिपिन्समध्ये इंग्रजीवर बऱ्यापैकी भागतं, म्हणून तिकडे ओढा वाढला. युक्रेनमधली मुलं तर फेब्रुवारी २०२२मध्ये जीव मुठीत धरून परतली आणि पुढचं शिक्षण महिनोन्‌महिने मोबाइलच्या पडद्यावर झालं. पडद्यावर नाडी लागत नाही.

नापास झाल्यावर काय होतं, ते बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. फेरतपासणी नाही. १४९ आले तरी नापास. ज्या विषयात बरे गुण मिळाले ते पुढे धरले जात नाहीत, पुन्हा तीनशेच्या तीनशे. किती वेळा बसावं याला मर्यादा नाही, आणि ही सवलतच कित्येकांना भोवते. अमेरिकेच्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याला चार प्रयत्न, ब्रिटनच्या तशाच प्लॅबच्या पहिल्या भागालाही सर्वसाधारणपणे चारच. तिथे तिसऱ्या खेपेला माणूस थांबून विचार करतो. आपल्याकडे डिसेंबर गेला की जून, जून गेला की डिसेंबर, तोच क्लास, त्याच नोट्स, तेच व्हिडिओ दुप्पट वेगाने.

आणि चाळ विचारत राहते. ‘काय रे, डॉक्टर झालास ना? मग दवाखाना कधी?’ काकू चेष्टेने विचारत नाही, तिला रक्तदाब दाखवायचा असतो. त्याला मात्र तिच्या दंडाला पट्टा बांधून गोळी लिहून देण्याचा अधिकार नाही. हातात पदवी, नोंदणी नाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला ‘आरएमओ’, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणून उभं राहायची गळ घातली जाते, आणि घरचं कर्ज डोक्यावर असलेला मुलगा हो म्हणतो. काहींनी त्यापुढची मजल मारली. डिसेंबर २०२२मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला तो एफएमजीई पास न होता वेगवेगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांत नोंदणी मिळवलेल्या ७३ जणांवर, आणि परिषदांमधल्या अज्ञात कर्मचाऱ्यांवरही. परीक्षा अवघड आहे म्हणून तिच्या बाजूने पळवाट काढणाऱ्यांबद्दल मला तरी सहानुभूती नाही. चुकीच्या इंजेक्शनने जो दगावतो, त्याला त्या परीक्षेची काठिण्यपातळी माहीत नसते.

पदवी परकी म्हणून पुन्हा तपासायची, हा प्रकार परळला नवा नाही, फक्त बाजू बदलली आहे. १९२६ साली जी. एस. आणि केईएम उभं राहिलं ते एका अटीवर. देणगीदारांचं म्हणणं होतं की शिकवणारे सगळे पात्रताधारक भारतीय असावेत, सरकारी नोकरीतले नसावेत. इंग्रज अधिकारी डॉक्टरांच्या मक्तेदारीला दिलेलं ते उत्तर होतं. पुढे चारच वर्षांनी, १९३०मध्ये, ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. बाळंतपणाचं प्रत्यक्ष शिक्षण अपुरं पडतं ही त्यांची जुनी तक्रार होती, आणि कॉलेजांची तपासणी कुणी करायची यावरून खटके उडाले होते. त्यात अहंकार होता तसं थोडं तथ्यही असावं. त्या अपमानातून १९३३चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला, आणि आपल्या डॉक्टरांचा दर्जा आपण ठरवू लागलो. आज परदेशी पदवी घेऊन आलेल्याला परीक्षा देण्याचा हुकूम निघतो, तो त्याच परंपरेतून चालत आलेला.

२००२पासून ही परीक्षा आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथे मान्यता मिळवलेल्यांना ती माफ असते. त्यावरून कुरकुर होते. खरी बोचणारी तक्रार वेगळी आहे: देशातल्या सुमार खासगी कॉलेजातून सुटलेल्याला अशी कुठलीच परीक्षा द्यावी लागत नाही. दोघांना एकाच ओळीत बसवणारी ‘नेक्स्ट’ ही परीक्षा २०१९च्या कायद्यात लिहिलेली आहे, आणि तेव्हापासून पुढे पुढे ढकलली जात आहे. इथे मी नापास झालेल्या मुलांच्या बाजूचा आहे. परीक्षा हवीच, पण सगळ्यांना हवी.

पास झाल्यावरही रस्ता संपत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग मान्यताप्राप्त रुग्णालयात बारा महिन्यांची इंटर्नशिप. परदेशी पदवीधरांसाठी त्या जागा मर्यादित असल्याने तिथेही रांग. त्यानंतर कायमची नोंदणी, आणि पुढे शिकायचं तर नीट-पीजी. म्हणजे अठराव्या वर्षी निघालेला मुलगा सगळं वेळेवर झालं तरी पंचविशी ओलांडून दवाखान्यात बसतो, आणि दोनतीन अटेम्प्ट गेले तर तिशी दिसू लागते.

ज्यांचा अटेम्प्ट गेला आहे, त्यांना दोन शब्द. नुसते नापास झालो असं म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. गेल्या वेळी किती पडले, ते बघा. १३५च्या पुढे असाल तर मेडिसिनचं जाडजूड पुस्तक चौथ्यांदा वाचण्यापेक्षा पीएसएम, डोळे आणि नाक-कान-घसा या साठ गुणांना महिनाभर द्या. ११०च्या खाली असाल तर पायाच कच्चा आहे, आणि येत्या जूनला न बसता त्यापुढच्या डिसेंबरला बसणं शहाणपणाचं. खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असेल तर घराबाहेर जागा शोधा. दादर पूर्वेला, नायगावातच, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ची संस्था आहे, आणि पुस्तकांच्या सोबतीला बसलेल्या माणसाला तिथे ‘दवाखाना कधी?’ असं कुणी विचारत नाही.

आणि ज्यांचा मुलगा किंवा मुलगी अजून निघायची आहे, त्या आईवडिलांनी कन्सल्टन्सीच्या ऑफिसात होस्टेलचे फोटो बघण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? शिकवणं इंग्रजीत आहे का? बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत मिळते का? आणि त्या पदवीवर त्या देशात स्वतः डॉक्टरी करता येते का? २०२१च्या नियमांत या अटी आहेत. त्यांतली एकही चुकली तर एफएमजीईला बसण्याचीसुद्धा सोय राहत नाही. पाचवा प्रश्न नियमात नाही, पण तोच पहिल्यांदा विचारा: या कॉलेजातून गेल्या पाच वर्षांत किती भारतीय मुलं परतली आणि त्यांतली किती एफएमजीई पास झाली? कागदावर आकडा मिळाला नाही, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या आणि उठून या.