कोकणकडा : एका दिवसात

गटाने एका दिवसात हरिश्चंद्रगड करायचा, तर अकोले तालुक्यातल्या पाचनईहून चढावं. खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट बरीच लांब. नळीच्या वाटेला नवख्यांनी जाऊच नये.

गडाच्या पश्चिमेचा कोकणकडा आत वळलेला आहे, त्यामुळे पायाखालचा खडक किती पुढे आलाय ते वरून कळत नाही. काठावर उभं राहू नका. पालथं झोपून, एकेकाने पाहा. दरीत धुकं आणि पाठीशी सकाळचं ऊन असेल, तर इंद्रवज्र दिसू शकतं : धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती सप्तरंगी गोल कडं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनाही ते इथेच दिसलं होतं; त्याचं वर्णन त्यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलं. इंद्रवज्र पाहायचं तर पाचनईहून पहाटेच निघावं लागतं.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी उन्हाळ्यातही गारठवतं. वाट माहीत असलेला एक जण कायम सर्वांच्या मागे चालू द्या.