पिशवीतली गाठ आणि साफ न होणारे पोट
लेखांक सातवा

गर्भाशयाच्या पिशवीतल्या गाठीमुळे, म्हणजे फायब्रॉइडमुळे, अंगावरून जास्त कसे जाते, ते मागच्या लेखांकात पाहिले. त्याच बायकांची आणखी एक तक्रार असते आणि ती बहुधा दवाखान्यातून उठता उठता सांगितली जाते: संडासला साफ होत नाही, कुंथावे लागते, पोट फुगून राहते, पाळीच्या दिवसांत मात्र उलट जुलाब होतात. पेण असो की रोहे, सोनोग्राफीच्या कागदावर गाठ दिसली की त्यानंतरचे प्रत्येक दुखणे तिच्याच खात्यावर मांडले जाते. माझ्या मते हा हिशेब अनेकदा चुकतो आणि त्यातून दोन नुकसाने होतात. पोटाचे खरे कारण तसेच राहते, आणि पिशवी मात्र काढली जाते.

गाठीचा आणि आतड्याचा संबंध मुळीच नसतो, असे नाही. गर्भाशयाच्या अगदी पाठीमागे मलाशय असते. मागच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाने वाढलेली मोठी गाठ त्यावर दाब देऊ शकते. मग खाली जड वाटते, जाऊन आल्यावरही काही राहिले असे वाटत राहते. पुढच्या भिंतीवरची गाठ मूत्राशयाकडे झुकते आणि लघवीला वारंवार जावे लागते. पण भिंतीच्या आत दडलेली दोन सेंटिमीटरची गाठ मलाशयाला कुठून दाबणार? म्हणून रिपोर्टमध्ये गाठ आहे की नाही एवढेच बघून भागत नाही. ती कोणत्या भिंतीवर आहे आणि केवढी आहे, हे डॉक्टरांना विचारावे. शिवाय गाठ ही फार सर्रास आढळणारी गोष्ट आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळजवळ 70 टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड असल्याचा अंदाज निघाला. गाठ असलेल्या कित्येकींना काहीच त्रास होत नाही. बद्धकोष्ठताही तितकीच घरोघरची. दोन्ही एकाच बाईला असणे हा एकीमुळे दुसरी झाल्याचा पुरावा नव्हे.

गाठ पोट बिघडवते ती कित्येकदा आडवाटेने, आणि ही वाट फारशी कोणी दाखवत नाही. रक्त जास्त गेले की हिमोग्लोबिन उतरते, मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा या गोळ्या खाणाऱ्या बायका काही थोड्या नाहीत. त्रास होतो म्हणून गोळी परस्पर बंद केली की रक्त आणखी उतरते. त्यापेक्षा दिवसाआड घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दिवसाआड दिलेले लोह अधिक चांगले शोषले जाते, असे झुरिकच्या संशोधकांना 2017 मध्ये दिसले. त्या अभ्यासातल्या स्त्रियांना रक्तक्षय नव्हता, म्हणून निर्णय डॉक्टरांवरच सोडावा. गोळी सोसतच नसेल तर शिरेतून लोह देता येते. पाळीतले जुलाब हा आणखी वेगळा प्रकार. गर्भाशय आकुंचित करणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही द्रव्ये आतड्यालाही चाळवतात. गाठ नसलेल्या मुलींनाही तो अनुभव असतो.

बाकीचे कारण ताटात आणि कामाच्या जागी शोधावे. तांदळाची भाकरी, भात, पोहे या आपल्या रोजच्या खाण्यात चोथा कमीच. त्यात नाचणी, सालासकट वाल, पालेभाजी यांची भर घातली, पाणी वाढवले आणि रात्री इसबगोल घेतला, तर महिनाभरात फरक कळतो. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामात तासन्‌तास बसून रंगकाम चालते. अशा ठिकाणी संडासची सोय नसेल तर बाई पाणीच कमी पिते आणि आलेली कळ दाबून धरते. ही सवय मोडायची तर कारखानदाराने आधी संडास बांधायला हवा. नुसता बाईला उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला, पिशवीच काढून टाकली की गाठही गेली आणि कटकटही गेली. गाठ जाईल, पण बद्धकोष्ठता आहाराची, गोळ्यांची किंवा थायरॉइडची असेल तर ती शस्त्रक्रियेनंतरही राहील. अशा घाईचे काय होते ते बीडने दाखवले आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत 82 हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असे एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मोठी गाठ खरोखरच मलाशय दाबत असेल तर शस्त्रक्रिया रास्तच आहे, आणि त्यातही मूल हवे असणाऱ्या बाईची नुसती गाठ काढता येते. दुसरा आक्षेप सोयींचा: तालुक्याच्या गावी एवढ्या तपासण्या कुठून व्हायच्या? पण सुरुवात महागड्या तपासणीने होतच नाही. दोन पाळ्यांपर्यंत वहीत तारीख, शौच, गोळी आणि दुखणे लिहावे. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावे. डॉक्टरांकडून गुदमार्गाची बोटाने तपासणी करून घ्यायला लाजू नये. शौचाला जाताना दुखणे दर पाळीला ठरून येत असेल तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते, आणि ती साध्या सोनोग्राफीत निसटू शकते.

काही खुणा दिसल्या तर मात्र वहीची वाट पाहू नये. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, चाळिशीनंतर शौचाची सवय अचानक बदलणे, पाळी गेल्यावर पोट सतत फुगलेले राहणे, किंवा डांबरासारखे चिकट, घाण वासाचे काळे शौच. लोहाच्या गोळीनेही रंग काळपट होतो, पण शौच असे चिकट नसते. यांपैकी काहीही दिसले तर "गाठीमुळेच असेल" असे म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. उलट्या होऊ लागल्या आणि शौच व वारा दोन्ही अडकून पोट टम्म झाले तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.