श्रद्धा चर्चमध्ये, दाखला हिंदूचा?

तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. पण तेच मूल मोठे झाल्यावर दर रविवारी मिस्साला जाते, ते स्वतःच्या मर्जीने. संविधानाच्या कलम 25 ने दिलेला हा हक्क आहे. मात्र ते दलित कॅथलिक असेल तर या हक्काची किंमत मोजावी लागते.

1950 च्या अनुसूचित जाती आदेशातील परिच्छेद 3 ने सवलतींना धर्माचे कुंपण घातले. 1956 साली शीख आत आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच. 2007 साली रंगनाथ मिश्रा आयोगाने हे कुंपण काढा म्हणून सांगितले. कोणी ऐकले?

26 नोव्हेंबर 2024, संविधान दिन. चर्चला नियमित जाणारी पुदुच्चेरीची एक महिला नोकरीसाठी स्वतःला हिंदू म्हणवते, ही संविधानाशी फसवणूक आहे, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. पण श्रद्धा एक आणि कागद दुसरा, ही पाळी तिच्यावर आणली कोणी?

चर्चही निर्दोष नाही. तामिळनाडूत दलित कॅथलिकांना मेल्यावरही वेगळी दफनभूमी मिळाली. भारताला पहिला दलित कार्डिनल, अँथनी पूला, मिळाला 2022 साली. म्हणजे पाण्याने जात धुतली गेली नाही. धुतला गेला फक्त दाखला.

आपला वाटा घटेल, अशी भीती काही बांधवांना वाटते. मग लोकसंख्येप्रमाणे वाटा वाढवून मागू! धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी 34 वर्षे ताटकळलेल्या बौद्धांनी तरी दुसऱ्यासाठी दार लावून घेऊ नये.

जयभीम!