आपल्या भागाचं बंदर: दाभोळ

अफजलपूरच्या भीमाकाठी समुद्राचा विषय परका वाटेल. पण कलबुर्गी आणि बिदर या बहमनी राजधान्यांचा इतिहास कोकणातल्या दाभोळशिवाय अपुराच राहतो, असं माझं ठाम मत आहे. बहमनींची ताकद घोडदळात होती आणि चांगले घोडे अरबस्तान-इराणकडून जहाजांनी यायचे. पुढे बहमनींचा वजीर झालेला इराणचा महमूद गवान दाभोळलाच उतरून बिदरला आला. रशियन प्रवासी निकितिन चौलला उतरला, बिदरला राहिला, आणि परतताना होर्मुझचं जहाज त्यानं दाभोळहून धरलं. बिदरच्या १४७२ च्या मदरशावरच्या इराणी धाटणीच्या रंगीत फरशा याच दळणवळणाची खूण आहेत.

कुणी म्हणेल, गोवा का नाही? गोव्यासाठी विजयनगरशी झगडा होता. गवाननं ते जिंकलं १४७२ मध्ये. तोवर भरवसा दाभोळ-चौलचाच. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळलं, पण त्यानंतर वाशिष्ठीच्या मुखावर बांधलेली आदिलशाही काळातली घुमटाची देखणी मशीद आजही उभी आहे. बिदरचा मदरसा पाहिलेल्यांनी ती आवर्जून पाहावी.