काटा लागल्यावर हात का सुजतो, ताप का येतो?



जाळं ओढताना चिलापीचा काटा बोटात घुसतो. आपण रक्त पुसतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, टम्म. मागच्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदाने अशी जखम चार दिवस अंगावर काढली. हात कोपरापर्यंत सुजला, थंडी वाजून ताप भरला आणि आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं. म्हणून हे लिहितोय.

समजा, रात्री चोर होडीत शिरला. मालकाने होडीलाच भोकं पाडली आणि बोंब ठोकली. होडी गेली, पण चोराची लपायची जागाही गेली आणि सगळा गाव जागा झाला. आपल्या संरक्षक पेशी हेच करतात. आत जंतू आलाय हे कळलं की कॅस्पेज नावाचं प्रथिन कात्रीसारखं चालतं आणि गॅस्डर्मिन-डी या दुसऱ्या प्रथिनाला कापतं. त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात. पेशी फुगून फुटते, आतले निरोप बाहेर पडतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज आणि ताप येण्यामागे हे एक मोठं कारण. याला पायरॉप्टोसिस म्हणतात. नाव 2001 सालचं. ग्रीकमध्ये 'पायरो' म्हणजे आग. भोकं पाडणारं प्रथिन हेच, हे 2015 मध्ये उघड झालं.

काही जंतू मात्र ही बोंबच दाबतात. 1898 साली आपल्या हुबळीत प्लेगने थैमान घातलं. हाफकिन यांनी आदल्या वर्षी मुंबईत तयार केलेली लस तेव्हा इथल्या हजारो लोकांनी टोचून घेतली. प्लेगचा जंतू पेशीच्या गजराची तारच तोडतो. पण तार तुटली हेही पेशीला कळतं आणि ती दुसऱ्या वाटेने फुटते, असं 2018 मध्ये संशोधकांनी दाखवलं.

तेव्हा थोडी सूज, थोडा ताप म्हणजे शरीर लढतंय. पण एका चोरासाठी सगळ्याच होड्या बुडवल्या तर? जंतू रक्तात पसरले आणि पेशी अंगभर फुटू लागल्या की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंड बंद पडू शकतं, जीवही जातो. याला सेप्सिस म्हणतात.

म्हणून एवढं पाळा:

• काटा लागला की तलावाच्या नाही, स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.
• जखम उघडी असेल तर उणकल असो की केलगेरी, पाण्यात उतरू नका.
• लाली वर चढत असेल, हुडहुडी भरली, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा माणूस बरळायला लागला, तर त्याच तासाला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या.
• आपण पाण्यात काम करतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. उंदरांच्या लघवीने होणारा लेप्टो त्यांच्या लगेच लक्षात येईल.

एक दिवसाचा धंदा बुडला तर चालेल. ही पोस्ट घरात वाचून दाखवा.

– सचिव, आपली संस्था